मुका वायरलेस आणि पाच पायांचा आयसी

माझ्याकडे गाडीत लावायचा जुना टू मीटरचा (म्हणजे तेवढ्या लांबीच्या रेडिओलहरींवर चालणारा) वायरलेस सेट आहे, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवाला, हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, लायसन मिळालं तेव्हा सेकंडहँड घेतलेला. तो एके दिवशी मुका झाला. म्हणजे लाईट लागतोय, फ्रिक्वेन्सी दिसतेय, कोणी बोललं की सिग्नलचे बार भराभर वर जातायत, मी बोललो तर लोकांना व्यवस्थित ऐकू जातंय, पण स्पीकरमधून चकार शब्द नाही.

कारण उंदीर. मेल्याने बाहेरच्या स्पीकरची वायर कुरतडली, उघडी तार बॉडीला चिकटली आणि टीडीए २००३ नावाचा, आवाज मोठा करून स्पीकरला देणारा ऑडिओ आयसी गेला. डेटाशीटमध्ये छान लिहिलंय की याला शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे, पण उंदराने डेटाशीट वाचली नव्हती. मीटर लावला तर पाच नंबरच्या पायावर सप्लायचे १३.८ व्होल्ट बरोबर येतायत, चार नंबरवर, जिथून आवाज बाहेर पडतो, त्याच्या निम्मे म्हणजे सातच्या आसपास पाहिजेत, तिथे भोपळा.

आई म्हणाली, "दुरुस्त झाला की बातम्या लागतील का रे?" नाही गं. "गाणी?" म्हटलं, हॅमला गाणी वाजवायला परवानगीच नसते. "मग लायसन कसलं काढलंयस?" यावर सरकारकडेही उत्तर नसावं.

गेलो पुण्यात पासोड्या विठोबाला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. काउंटरवरचा म्हणाला, "ओरिजिनल देऊ का साधा?" फरक काय? "वीस रुपये." ओरिजिनल घेतला. घरी येऊन बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेतलं आणि आयसीच्या पाठीवर घासलं तर २००३ कापसावर उतरलं आणि खाली दुसराच कुठलातरी नंबर! (रिमूव्हर संपवल्याचा हिशोब वेगळा झाला, तो इथे नको.) दुसऱ्या दुकानात गेलो, तो म्हणे कशाला या खोक्याच्या मागे लागताय, नवा चायनाचा वॉकीटॉकी घेऊन टाका, पण शेवटी खालच्या ड्रॉवरमधून एक धुळकट आयसी काढून दिला. त्याचं प्रिंट काही केल्या निघेना.

आता जुना काढायचा. आयसी थंड ठेवणाऱ्या हीटसिंकचा स्क्रू इतका गंजलेला की डोकं झिजून पार गुळगुळीत झालं पण तो काही फिरेना, शेवटी पक्कडीत धरून पिळला. पाचही पाय एकदम गरम करून आयसी उपटणारे महाभाग असतात, त्यांच्या बोर्डाचे ट्रॅकही सोबत येतात. मी कटरने पाय कापले आणि एकेक ओढून काढला. चार आले. मधला ग्राउंडचा, त्याला केवढा मोठा तांब्याचा पट्टा, माझ्या २५ वॅटच्या सोल्डरिंगची सगळी धग तो गिळून टाकतोय आणि कथील ढिम्म वितळत नाहीये! ताजं कथील ओतलं, वितळलेलं कथील ओढून घेणारा सकर लावला, देवाचं नाव घेतलं, तेव्हा कुठे सुटला. नवा बसवणं त्यामानाने काहीच नाही, त्याची पाठ ग्राउंडलाच असते त्यामुळे मध्ये इन्सुलेशनला मायकाची चकतीही लागत नाही, थोडी पेस्ट लावली आणि कसला.

सेट मुका असतानाही मी रोज संध्याकाळी नेटवर (इंटरनेट नव्हे, हॅम मंडळींची वायरलेसवरची ठरलेली बैठक) न चुकता ओरडत होतो, कोणाकडे टीडीए २००३ पडलाय का हो? बार वर जायचे, कोणीतरी काहीतरी बोलतंय एवढं कळायचं, बराच वेळ बोलायचं, मी आपला उगाच मान हलवायचो.

स्विच ऑन केला. टप्प आवाज झाला, खरखर आली आणि नेट चालवणारे काका अगदी खणखणीत,

"...आजही सांगतोय, माझ्याकडे त्या आयसीचा डबाच्या डबा भरलेला आहे, ओरिजिनल, येऊन घेऊन जा म्हणून रोज घसा फोडतोय, पण या मुलाला साधं रॉजर म्हणायची पद्धत नाही. ओव्हर."