‘तिच्यात प्रॉब्लेम आहे’ म्हणण्याआधी

जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. तेव्हापासून पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांत वाद पेटलाय. काका म्हणतात, पोरांना उगाच नाजूक करून ठेवताय, प्रेमभंग काय आम्हाला झाले नाहीत? मावशीचं म्हणणं, घरात माणसं असताना परक्यापुढे रडायचं कशाला? मी कॅनडातल्या मिसिसागातून हे ऐकते आणि मला ‘नेव्हर हॅव आय एव्हर’मधली देवी आठवते.

नेटफ्लिक्सवर 2020 ते 2023 या काळात या मालिकेचे चार सीझन आले. देवीचं काम करणारी मैत्रेयी रामकृष्णन आमच्या मिसिसागाची, त्यामुळे इथे तिचं कौतुक अंमळ जास्तच. कॅलिफोर्नियातल्या तमिळ घरातली ही मुलगी. शाळेतल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असताना वडील तिच्या डोळ्यांदेखत जातात आणि त्या धक्क्याने काही महिने तिचे पायच चालत नाहीत.

तिसऱ्या सीझनमध्ये तिचा बॉयफ्रेंड पॅक्सटन तिला सोडतो, कारण आपण कुणाला खरंच आवडू शकतो यावर तिचा विश्वासच बसत नाही. मग तिच्या आयुष्यात देस हा नवा मुलगा येतो. एका कार्यक्रमात वडिलांच्या आठवणीने देवी कोलमडते. देसची आई रिया तेव्हा तिला मायेने जवळ घेते, आणि नंतर मुलाला सांगते की ही मुलगी तुझ्यासाठी बरी नाही. आपल्याकडच्या किती लग्नघरांत हे वाक्य दबक्या आवाजात बोललं जातं! पण देवीची आई नलिनी, जी एरवी मुलीवर सतत खेकसत असते, ती आपल्या या मैत्रिणीला, रियाला, तोंडावर सुनावते आणि मैत्रीच तोडते.

देवी सावरते ती नव्या मुलामुळे नाही. तिच्या समुपदेशक डॉ. रायन यांच्याकडे तिला घरी न सांगता येणारं बोलता येतं आणि आई तिच्या बाजूने उभी राहते. दोन्ही लागतं. इथे कॅनडात मुलांना रात्री-अपरात्री फोन करायला हेल्पलाइन आहे, बऱ्याच शाळांत बोलायला माणूस असतो. तरी आपली मुलं त्याला आधी विचारतात, ‘घरी सांगणार नाही ना?’ आईवडिलांना कळलंच तर घरची गोष्ट बाहेर गेल्याचं दुःख मुलीच्या दुःखापेक्षा मोठं होतं. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

समुपदेशनाने मुलं घरापासून तुटतात, ही मावशीची भीती. पण देवीला कोलोरॅडोतल्या नामांकित शाळेत प्रवेश मिळतो, तेव्हा ती तो नाकारते. कॉलेजला जाण्याआधीचं शेवटचं वर्ष तिला आईजवळ काढायचं असतं.

काका, येत्या पालकसभेला नातीच्या शाळेत समुपदेशक नेमलाय का, एवढं नक्की विचारा. आणि घरी ती रडली तर ‘किती दिवस चालणार हे?’ असं तिला कुणी म्हणू नका.