गुण्या किती अचूक हवा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं साधन: एक दांडा आणि त्यात काटकोनात बसवलेलं पातं. तो निवडण्यावरच्या लेखात मी म्हटलं होतं की सुतारकामाला इंजिनिअर स्क्वेअरची (जास्त अचूक, पोलादी गुण्याची) दुसरी श्रेणी भरपूर झाली, आणि महाग गुण्या घेण्यापेक्षा हातातला गुण्या उलटसुलट करून, रेघा मारून तपासा. त्यावर तुमचे आक्षेप दोन. लाकूड हवेबरोबर मिलिमीटरनं फुगतं-आकसतं, तिथे मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) गप्पा कशाला? आणि रेघा मारून तपासणं हा पोरखेळ आहे, कारण तुमचा गुण्या त्यात पास झाला, पण इंजिनिअर स्क्वेअरला टेकवल्यावर मधून उजेड दिसला. म्हणजे पहिल्या आक्षेपात माझी अचूकता तुम्हाला जास्त होते आणि दुसऱ्यात कमी पडते! असो, दोन्ही घेऊ.

लाकूड फुगतं ते त्याच्या अंगच्या रेषांना आडवं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. ३०० मिमी रुंदीची फळी दमट हवेत दोन-तीन मिलिमीटर रुंद होईल, पण तिचं टोक ९० अंशात कापलेलं असेल तर ते ९० अंशातच राहतं. खोक्याच्या चारही बाजूंना रेषा एकाच दिशेनं फिरत असतील तर सगळ्या बाजू एकत्रच हलतात. कोन खरोखर बिघडतो तो ४५ अंशात कापून जोडलेल्या चौकटीत. लाकूड सुकलं की रुंदी घटते, लांबी तेवढीच राहते, आणि सांधा आतल्या कोपऱ्याकडून उघडतो. तेव्हा ‘लाकूड हलतं’ हे खरं असलं तरी वाकड्या गुण्याला ते माफीपत्र नाही.

आता आकडे. सुतारी गुण्यासाठीचं ब्रिटिश मानक बीएस ३३२२ पात्याच्या दर सेंटिमीटरला ०.०१ मिमी सूट देतं, म्हणजे १५० मिमीच्या पात्याला ०.१५. तोच तिरकेपणा ६०० मिमी खोल कपाटाच्या बाजूवर गेला की ०.६ मिमी होतो. दाराच्या शटरभोवती दोन मिलिमीटरची फट ठेवली असेल तर एवढा फरक डोळ्यांना खुपतो. जर्मन मानक डीआयएन ८७५ च्या दुसऱ्या श्रेणीत १५० मिमीला ०.०३५ मिमी चालतं. तेच ६०० मिमीवर ०.१४ होतं, आणि ते रंध्याच्या एखाद-दोन हातांत निघून जातं. शून्य आणि दुहेरी शून्य या श्रेणी तपासणीच्या खोलीसाठी आहेत. त्या घ्या असं मी कुठंच म्हटलेलं नाही.

तपासणीचं म्हणाल तर पेन्सिल नको हे मान्यच. तिची रेघच ०.३ ते ०.५ मिमी जाड असते. लेखातही चाकूच होता. फळीच्या सरळ कडेला दांडा घट्ट धरून चाकूनं रेघ ओढा, गुण्या उलटा करा, रेघेच्या पायथ्याशी त्याच बिंदूवर पातं आणा आणि दुसरी रेघ ओढा. वरच्या टोकाशी दिसणारी फट ही खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. ०.१ मिमी अंतरावरच्या दोन बारीक चिरा चांगल्या उजेडात वेगळ्या दिसतात, म्हणजे ०.०५ मिमीची चूकही पकडता येते. वर दिलेल्या बीएस मानकापेक्षा ही चाचणी तिप्पट कडक झाली. पोरखेळ कसला?

मात्र एक गोम आहे आणि मला तुमच्या बाबतीत तिचाच संशय येतो: फळीची कड. ती मध्ये किंचित फुगीर असेल तर दांडा एकदा एका उतारावर टेकतो आणि उलटवल्यावर दुसऱ्या. दोन्ही रेघा त्या उतारांनुसार कलतात. अशा कडेवर चांगला गुण्या नापास होतो, आणि नशिबानं साथ दिली तर वाकडाही पास होतो. कारखान्यातून आलेल्या एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या बोर्डाची) कड सरळच असते असं धरून चालू नका. कडेवर तीन वेगळ्या जागी चाचणी करा. उत्तरं जुळली नाहीत तर दोष कडेत.

राहिला उजेड. काही मायक्रॉनच्या फटीतूनही तो येतो, त्यामुळे त्या एका रेघेवरून स्वर्ग गाठायचं कारण नाही. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचाची) ०.०५ मिमी जाडीची पाती घ्या आणि जिथे उजेड दिसतो तिथे घालून बघा. आत जात नसेल तर त्या गुण्यावर बिनधास्त काम करा.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की जुने सुतार लाकडी गुण्यावर उत्तम काम करायचे. करायचेच. पण लाकडी गुण्या बिघडला की रंध्याचा हात मारून पुन्हा काटकोनात आणता येतो. लोखंडी पातं रिव्हेटनं दांड्यात बसवलेलं असलं की ती सोय जवळजवळ संपते. असा गुण्या एकदा जमिनीवर आपटला की वापरण्याआधी तपासायचा. कॉम्बिनेशन स्क्वेअरमध्ये तर डोकं पट्टीवर सरकतं, त्यामुळे खाचेत अडकलेला भुसासुद्धा कोन बदलतो. आधी खाच झाडा, स्क्रू आवळा, मग मोजा.

तुम्ही रेघा कोणत्या कडेवर ओढल्या होत्या आणि फिलर गेजची पाती आत गेली का, एवढं इथेच कळवा.