सुरांची मुदत ठेव

जुन्या बँकेच्या इमारतीत संगीतशाळा काढायची म्हटलं की सगळे आधी छताकडे बघतात आणि ‘काय भव्य!’ म्हणतात. मी टाळी वाजवतो आणि घड्याळ बघत उभा राहतो. २० मीटर लांब, १२ रुंद, ९ उंच अशा संगमरवरी दालनात ती विरायला साधारण ८ सेकंद लागतात. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांचा तीनताल धरलात तर झालं अर्धं आवर्तन! समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पोचावं, तर ‘खाली’पासूनच्या, म्हणजे नवव्यापासूनच्या आठही मात्रा तिथे आधीच हजर.

दगड, काच, गिलावा यांना आवाज पचत नाही. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून शोषण तिच्या मापाने मोजायचं; अशा दालनाचं एकूण शोषण जेमतेम ४२ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं भरतं. घुमणं २ सेकंदांवर आणायचं तर आणखी १३० हवं. चुण्यांचा जाड पडदा निम्मा आवाज खातो, म्हणजे २६० चौरस मीटर पडदा, तोही भिंतीपासून वीतभर सोडून. ऐतिहासिक भिंतीला खिळा मारायचा नाही, म्हणून लाकडी चौकटी जमिनीवर उभ्या करायच्या. एवढं करून बासरी शहाण्यासारखी वागू लागते. डग्गा मात्र घुमतोच. खर्जाला पडदे कळत नाहीत.

मग कुणाला तरी तिजोरीची खोली आठवते. जाड काँक्रीट, ड्रमसाठी आयतीच! पण कुणी आत कोंडलं जाऊ नये म्हणून मूळ दाराचं कुलूप निकामी करून ते उघडंच अडकवावं लागतं. म्हणजे आत दुसरं, रबरी पट्ट्यांचं दार आलं. हवेसाठी भिंतीला भोक पाडायचं, तर हिऱ्याचं पातं सळईवर सळई कापत बसतं. त्यातून भोक भिंतीच्या १ टक्का जरी झालं, तरी आवाजाची अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. म्हणून हवेची नळी आतून अस्तर लावून, दोनदा वळवून न्यायची. खोली तिन्ही बाजूंनी ३ मीटर असेल तर ५७ हर्ट्झचा खर्ज तिन्ही दिशांनी एकदम उठतो. कोपऱ्यांत खनिज लोकर ठासा.

लॉकर मात्र ‘शोभेला’ ठेवायचा हट्ट असतो. पत्र्याची दारं ठरावीक सुराला थरथरतात. एकाने खालच्या सुरापासून सावकाश वर चढायचं, दुसऱ्याने दारांवर तळवा फिरवत चोर शोधायचा. सापडला की फेल्टची पट्टी चिकटवायची. पुढच्या सुराला शेजारचं दार वाजतं.