बिनाआरोप आत जायचंय? मग हे वाचून जा

भावांनो, युद्धाच्या बातम्या लागल्या की कट्ट्यावर मिसळ खाता खाता कोणीतरी हमखास म्हणतोच, संशय आला की उचला आणि टाका आत, कोर्टबिर्ट नंतर बघू. बरोबरच आहे म्हणा. फक्त त्या उचलाउचलीत चुकून आपलाच नंबर लागला तर पंचाईत नको, म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी, जमलं तर एखादा खराखुरा गुन्हा करून ठेवा. मस्करी नाही. रंकाळ्यावरनं कुणाची तरी मोपेड ढापलीत तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, वकील मिळतो, चार्जशीट ६० नाहीतर ९० दिवसांत आलं नाही तर जामिनावर हक्कच सांगता येतो. पण तुम्ही काहीच केलं नसेल आणि नुसतं "हा पुढं काहीतरी करेल" म्हणून स्थानबद्ध केलं, तर घटनेच्या कलम २२ मध्येच लिहिलंय की त्या २४ तासांची आणि वकिलाची भानगड तुम्हाला लागू नाही. तेव्हा चोर व्हा, संशयित होऊ नका.

पूर्वजसुद्धा जरा बघून निवडा. १९६२ ला चीनशी युद्ध झालं तेव्हा आसाम, दार्जिलिंगकडची चिनी वंशाची सुमारे ३,००० माणसं, त्यात पोरंबाळं आणि म्हातारीकोतारी पण, रेल्वेत घालून राजस्थानातल्या देवलीच्या कॅम्पात नेली. खटला नाही काही नाही. युद्ध महिन्याभरात थांबलं, काहीजण मात्र १९६७ पर्यंत आतच, आणि आणीबाणी उठली १९६८ च्या जानेवारीत! १९७१ चं युद्ध तर १३ दिवसांचं, त्याची आणीबाणी १९७७ पर्यंत तशीच, वर १९७५ ची दुसरी. युद्ध संपलं की सोडतील असं कोणी म्हणालं तर कुठलं युद्ध ते आधी विचारून घ्या.

आता कोर्ट. हेबियस कॉर्पस, म्हणजे धरलेल्या माणसाला कोर्टापुढं आणा असा अर्ज, टाकायचा तर आपलं नशीब जोरावर आहे, वकिलांनी कित्येक दशकं आंदोलनं केली आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सुरू झालं, मुंबईची गाडी पकडायला नको. पण कोर्ट बरोबर निवडा हं. अमेरिकेत होझे पडिया म्हणून एक नागरिक, २००२ ला शिकागो विमानतळावर धरला, "शत्रू सैनिक" म्हणून नौदलाच्या तुरुंगात टाकला, दोन वर्षांनी केस सुप्रीम कोर्टात पोचली तर उत्तर आलं की अर्ज न्यूयॉर्कला नाही, साउथ कॅरोलायनाला करायला पाहिजे होता. पुन्हा पहिल्यापासून. पुढं परत सुप्रीम कोर्टात जायची वेळ आली तेव्हा सरकारनं साडेतीन वर्षांनी पटकन आरोप ठेवले, आणि ज्या किरणोत्सारी बॉम्बच्या कटासाठी धरला होता तो त्या आरोपांत नव्हताच.

आधीच जावं कोर्टात म्हणाल, तर तेही करून झालंय. लष्करी स्थानबद्धतेच्या कायद्याविरुद्ध तिथले काही पत्रकार, कार्यकर्ते गेले, खालच्या कोर्टात जिंकले, २०१३ ला वरच्या कोर्टानं सांगितलं की तुम्हाला अजून धरलंय कुठं, धरतील अशी खात्री तरी कुठाय, मग दाद कसली मागता. म्हणजे बाहेर असताना घाई होते आणि आत गेल्यावर उशीर.

आणि न्यायमूर्ती चांगले मिळोत अशी अंबाबाईला प्रार्थना करा. १९७६ ला मिसाबंदींच्या (मिसा म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवायचा तेव्हाचा कायदा) केसमध्ये पाचातल्या चौघांनी सांगितलं, आणीबाणीत दाद मागायचा हक्कच नाही. त्यातल्या एका न्यायमूर्तींना तर सरकार बंदींची अगदी आईच्या मायेनं काळजी घेतंय असं वाटलं. (आमच्याकडं याला पाहुणचार म्हणतात, पण पाहुण्याला उठून जाता येतं.) एकटे न्या. खन्ना विरोधात गेले, त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. तो निकाल २०१७ ला रद्द झाला, ४१ वर्षांनी, तेवढा दम धरायची तयारी ठेवा.

जिंकलात तरी लगेच फटाके वाजवू नका. लखदार बुमेदियन बोस्नियात रेड क्रेसेंट या मदतसंस्थेत कामाला होता, तिथल्या कोर्टानं सोडा म्हणाल्यावर अमेरिकेच्या ताब्यात गेला, थेट ग्वांतानामो, म्हणजे क्युबातला अमेरिकेचा लष्करी तुरुंग. २००८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ नं जिंकला, सगळ्या जगात नाव झालं, आणि सुटला २००९ च्या मे महिन्यात.

तेव्हा पिशवीत ब्रश, टॉवेल, एक स्वेटर टाका, आणि कॅलेंडर एकच नेऊ नका, पाचसहा वर्षांची तरी बघा मिळतायत का.