मागच्या चाकांची गाडी, बर्फ आणि आपला घाट

जूनच्या पहिल्या आठवड्यात मावसभाऊ गाडी घेऊन दारात आला, तेव्हा गाडी मागून बसलेली दिसली. डिकी उघडली तर आत चार चिरे. एकेक चिरा ३० किलोंच्या आसपास, म्हणजे सव्वाशे किलोंचा जांभा दगड घेऊन हा कणकवलीहून फोंडा घाट चढून कोल्हापूरला निघाला होता. गाडी जुनी, पण जर्मन बनावटीची, मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळणारी सेडान. हौसेने घेतलेली. चिरे कशाला, असं विचारलं तर त्याने मोबाइल पुढे केला. "दादा, वाळू मिळेना, म्हणून गडग्यावरचे काढले." गडगा म्हणजे आमचं दगडी कुंपण.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. डिसेंबरात मनालीकडच्या बर्फात घसरणाऱ्या गाड्यांच्या व्हिडिओसोबत तो फिरतो आणि पाऊस लागला की कोकणातल्या ग्रुपांवर पुन्हा उगवतो. त्यात म्हटलंय ते असं: मागच्या चाकांवर चालणाऱ्या महागड्या सेडान बर्फात चालतच नाहीत. पावसातला घाट बर्फासारखाच, म्हणून अशी गाडी कोकणात आणू नका. आणलीच तर डिकीत वाळूची पोती ठेवा, टायरमधली हवा दहा पाउंडांनी कमी करा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. सर्वांत चांगलं म्हणजे चारही चाकांवर चालणारी गाडी घ्या, ती घसरत नाही.

मी नोकरीनिमित्त चार हिवाळे स्टुटगार्टजवळ काढले आणि चारही हिवाळे मागच्या चाकांचीच गाडी चालवली. आता वर्षातले चार महिने कोकणातल्या पावसात चालवतो. या मेसेजमधला एकेक सल्ला माणसाला अपघाताकडे नेणारा आहे, म्हणून उत्तर देतोय.

"बर्फात चालतच नाहीत." या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचं घर कुठे आहे ते आधी बघा. बीएमडब्ल्यू म्युनिकची, मर्सिडीज स्टुटगार्टची. दोन्ही ठिकाणी दर हिवाळ्यात बर्फ पडतो. या कंपन्या गाड्यांची हिवाळी चाचणी स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोगच्या गोठलेल्या तळ्यांवर घेतात. जर्मनीत टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं मर्सिडीजची ई क्लास धावली, बहुतेक मागच्याच चाकांवर. बर्फ पडला म्हणून टॅक्स्या घरी बसल्या असं मी कधी पाहिलं नाही.

पण तिथे बर्फात गाडी चालते ती टायरमुळे, आणि मेसेजमध्ये टायरबद्दल हवा सोडून एक अक्षर नाही. साध्या उन्हाळी टायरचं रबर तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीत बारीक बारीक खाचा असतात, त्यांत बर्फ धरला जातो आणि बर्फाला बर्फ पकडतो. जर्मनीत लोक 'ऑक्टोबर ते ईस्टर' हिवाळी टायर ठेवतात. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असताना तसे टायर नसतील तर दंड होतो. ऑक्टोबर २०२४ पासून तर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर चालतात.

पहिल्याच वर्षी मी टायर बदलायला आळस केला होता. नोव्हेंबरच्या एका सकाळी अचानक बर्फ पडला आणि घराखालच्या पार्किंगमधून रस्त्यापर्यंतचा जेमतेम चढ गाडीला चढवेना. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. शेजाऱ्याची पुढच्या चाकांची छोटी गाडीही उन्हाळी टायरवरच होती, तीही तिथेच अडकली. तिसऱ्या दिवशी टायर बदलून आलो. तीच गाडी, तोच चढ, बर्फ वाढलेला. आरामात वर गेली.

यात एक साधा हिशेब आहे. १० टक्के चढ चढायला गाडीच्या वजनाच्या १० टक्क्यांएवढा जोर लागतो. ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळतो त्यांच्यावर जेवढं वजन, तेवढीच त्यांची पकड. या सेडानचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं असतं. घर्षण ०.२ धरलं, म्हणजे चाकांवरच्या वजनाच्या पाचव्या भागाएवढी पकड, जी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साधारण असते, तर मागची चाकं वजनाच्या १० टक्के जोर लावू शकतात. पुढच्या चाकांच्या गाडीत पुढे साधारण ६० टक्के वजन, म्हणजे १२ टक्के. त्यातही चढावर थोडं वजन मागे सरकतं, त्यामुळे हा फरक आणखी घटतो. आता टायर बदलून घर्षण ०.३ वर नेलं तर मागच्या चाकांची गाडीसुद्धा १५ टक्क्यांवर जाते. कोणती चाकं, यापेक्षा कसला टायर, याने जास्त फरक पडतो. पुढच्या चाकांना थोडा फायदा आहे, हे मी नाकारत नाही. पण 'चालतच नाही' हे खोटं आहे.

"पावसातला घाट बर्फासारखाच." तोच हिशेब इथे लावा. ओल्या डांबरावर चांगल्या टायरचं घर्षण साधारण ०.५ असतं. निम्मं वजन धरलं तरी मागची चाकं २५ टक्के चढाएवढा जोर लावतात. आणि आपले घाट किती चढाचे? डोंगराळ रस्त्यांसाठी आपल्याकडच्या मानकांत नेहमीचा चढ ५ ते ६ टक्के, अगदी अपवाद म्हणून ७ ते ८. फोंडा असो, करूळ असो की आंबोली, पावसात मागची चाकं चढावर फिरत राहावीत इतका तो रस्ता निसरडा नाही. चाकं फिरतात ती डांबराच्या बाहेर. घराच्या लाल मातीच्या पाणंदीत, शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या उतारावर, गणपतीला शेतात उभी केलेली गाडी काढताना. तिथे मागच्या चाकांची सेडान अडते, हे मान्य. पुढच्या चाकांचीही अडते आणि तिलाही चार माणसं ढकलायलाच लागतात.

आमचे काका एसटीत चालक होते, सगळी हयात घाटात गेली. त्यांना हा मेसेज वाचून दाखवला तर म्हणाले, "अरे, एस्टी काय फुडच्या चाकार चलता?" एवढंच बोलून ते पुन्हा पानाकडे वळले. पण त्यात सगळं आलं. लाल गाडी, ट्रक, बोलेरो, रिक्षा, सगळं मागच्या चाकांवर. अँबॅसिडर आणि पद्मिनीही मागच्याच चाकांच्या. पुढच्या चाकांची गाडी आपल्या घराघरांत आली ती डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० निघाल्यानंतर. त्याआधीचे सगळे पावसाळे कोकणाने मागच्या चाकांवर काढले. आणि आता महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्याही मागच्याच चाकांवर आल्या आहेत, म्हणजे हा मेसेज येत्या काळात आणखी लोकांना घाबरवणार.

"डिकीत वजन ठेवा." याचं मूळ खरं आहे. जुन्या गाड्यांचं पुढचं टोक जड आणि मागचं हलकं असायचं. रिकाम्या पिकअपचं तर आजही तसंच असतं. त्यांच्यात बर्फाळ देशांतले लोक वाळूची पोती ठेवत, तीही मागच्या आसाच्या बरोबर वर, बांधून. निम्मं-निम्मं वजन असलेल्या सेडानला त्याची गरज नाही. उलट, डिकी आसाच्या मागे असते. तिथे वजन टाकलं की तराजूसारखं पुढचं टोक उचलतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते, म्हणजे वळताना स्टिअरिंग हलकं पडतं. वळणावर मागचा भाग सुटलाच तर तो जड असल्यामुळे जास्त जोरात फिरतो आणि आवरायला कठीण जातो. दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत, ते वेगळंच. आणि मोकळा चिरा! घाटात समोरून कंटेनर आला, तुम्ही करकचून ब्रेक दाबला, तर ३० किलोंचा तो दगड गाडीच्या वेगाने मागच्या सीटच्या पाठीवर येतो. त्या सीटवर आमची मावशी बसणार होती.

"हवा दहाने कमी करा." वाळूत रुतलेली गाडी काढायला हवा कमी करतात, ते खरं, तेवढ्यापुरतं. पावसाच्या रस्त्यावर याच्या अगदी उलट होतं. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जातात. तो कोणत्या वेगाला तरंगेल, याचं १९६० च्या दशकात नासाने विमानाच्या टायरांवर काम करून काढलेलं ढोबळ सूत्र आहे: तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. झिजलेल्या टायरला ३३ पाउंड हवेवर ताशी सुमारे ९५ किलोमीटर, २३ पाउंडावर सुमारे ८०. म्हणजे दहाने हवा कमी करून तुम्ही १५ किलोमीटरची सुरक्षितता सोडून दिली. घाटात कोणी ८० ने जात नाही, पण कणकवली ते झाराप चौपदरी रस्त्यावर सगळेच जातात, आणि तिथेच पाण्याची थारोळी असतात. या सेडानचे टायर रुंद असतात, ते पाणी बाजूला सारायला आधीच कमी पडतात. वर कमी हवेचा टायर तापतो आणि कडांना झिजतो.

"ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा." हे वाचून मला खरोखर राग आला. जोराची चाकं फिरू लागली की ही यंत्रणा इंजिनचा जोर कमी करते आणि फिरणारं चाक ब्रेकने धरते. तिची मोठी बहीण म्हणजे गाडी आडवी होण्यापासून सावरणारी स्थिरता यंत्रणा, ती १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये पहिल्यांदा आली. मागच्या चाकांच्या गाडीबद्दलची जुनी भीती, की वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला की शेपूट फिरते, ती या दोघींनी बरीचशी मोडून काढली. बटण दिलंय ते चिखलात किंवा खोल बर्फात जागच्या जागी अडकलेली गाडी हळूच बाहेर काढण्यासाठी. गाडी निघाली की लगेच पुन्हा चालू करायचं. घाटात ते बंद ठेवून चालवणं म्हणजे तीस वर्षांची सुधारणा हाताने काढून टाकणं. तरीही मागचा भाग सुटलाच, तर ज्या बाजूला तो जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवायचं, ॲक्सिलरेटर सावकाश सोडायचा, नजर रस्त्याच्या पुढच्या भागावर ठेवायची.

"चारही चाकांची गाडी घसरत नाही." मनालीच्या त्याच व्हिडिओत नीट बघा, सोलंग आणि अटल बोगद्याच्या बाजूला घसरणाऱ्यांत अशा गाड्याही असतात. स्टुटगार्टजवळच्या आमच्या गल्लीत उतारावरच्या वळणावरून सरळ कुंपणात गेलेली गाडी चारही चाकांचीच होती. चार चाकांचा जोर गाडी सुरू करायला आणि चढवायला उपयोगी पडतो. थांबवताना प्रत्येक गाडीचे ब्रेक चारही चाकांना असतात, तिथे कोणाला फायदा नाही. ताशी ४० वेगाने ब्रेक दाबल्यावर ओल्या डांबरावर गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, घट्ट बर्फावर ३१ मीटर, गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर ६० मीटरहून जास्त. मागची असो, पुढची असो, चारही असो. उलट चारही चाकांवर चालणारी गाडी सहज चढते, म्हणून चालकाला रस्ता किती निसरडा आहे ते उतरायला लागेपर्यंत कळत नाही.

मेसेजमध्ये जे नाही पण असायला हवं होतं, ते हे. मागच्या चाकांच्या गाडीत निसरड्या उतारावर एकदम खालचा गिअर टाकू नका. इंजिनचा सगळा अडसर मागच्या दोन चाकांवरच येतो, ती क्षणभर अडतात आणि शेपूट सुटते. विजेवरच्या गाडीत पाय उचलल्यावर लागणारा ब्रेकही मागच्या चाकांवरच जास्त असू शकतो, पावसात तो सौम्य ठेवा. काकांचं सांगणं असं, की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्यातच उतर, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाक. जूनच्या पहिल्या सरी सर्वांत वाईट. वर्षभराचं तेल, धूळ, झाडाखाली चिरडलेली जांभळं, सगळं एकत्र भिजतं. दरडीखालून वाहत आलेली लाल माती वळणाच्या आतल्या बाजूला साचते, तिथून चाक नेऊ नका.

आणि टायर बघा. भावाच्या गाडीचे मी त्याच्यासमोर पाहिले. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. त्याच्या मागच्या दोन्ही टायरवर २३१७ होतं, म्हणजे जून २०१७ चा माल. नक्षीतली झीज दाखवणारी पट्टी, १.६ मिलिमीटरवरची, रबराला टेकलेली. फोंडा घाटात तो या टायरवर जाणार होता, सव्वाशे किलो दगड घेऊन, हवा कमी करून.

कोल्हापूरचं जाणं चार दिवस पुढे ढकललं. नवे चार टायर बसवले, हवा दारावरच्या पत्रकात लिहिलीय तेवढी भरली. चिरे आम्ही दोघांनी उचलून परत गडग्यावर लावले.