इटलीत पडलेला नाईक आणि फोंड्यात आलेली पलटण

गेला आठवडाभर तो मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. दोन महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढलेले आपले सैनिक इंग्रजांचे भाडोत्री होते, खरे सैनिक फक्त आझाद हिंदचे, बाकीच्यांना मानवंदना म्हणजे गुलामी, आणि गोव्याचा तर त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. मी वाचून सोडून देणार होतो. पण माझा भाचा नववीत आहे, एनसीसीत आहे, शाळेत दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेल्या नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगेंवर बोलणार होता, आणि परवा रात्री भाषणाचा कागद बाजूला सारून मला विचारतो, "मामा, ते पयशांखातीर झुजताले मरे?" तेव्हा मात्र डोकं फिरलं.

भाडोत्री म्हणे! पहिल्या महायुद्धात साध्या शिपायाला महिन्याला ११ रुपये मिळायचे. एवढ्यासाठी कोण मशीनगनवर चालून जातो? घाडगेंच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापलेलं आहे, कोणीही शोधून वाचावं. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, सगळे एकतर मेले नाहीतर जखमी झाले, उभे राहिले एकटे घाडगे. ते सरळ गनवर धावले, ग्रेनेड टाकून गन आणि गनर दोन्ही गप्प केले, तिथल्या एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग कुठून तरी नेम धरलेल्याची गोळी लागून पडले. वय २२. कबर सापडली नाही म्हणून नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलंय. पैशांसाठी लढणारा माणूस सगळा सेक्शन पडल्यावर मागे फिरतो हो, पुढे नाही जात. गाव त्यांचं माणगाव तालुक्यातलं, माणगावात पुतळा आहे. मुंबईला जाताना तिथे ट्रॅफिकमध्ये आपण सगळेच अडकतो, एकदा उतरून बघा.

आता एक गोष्ट मान्य करायलाच हवी. सगळे काही स्वखुशीने गेले नव्हते. घरची गरिबी होती, दुष्काळ होता, पहिल्या महायुद्धात पंजाबात तर भरतीसाठी जबरदस्ती झाली. आणि लढाई इंग्रजांच्या साम्राज्याची होती हेही खरं. पण मग ज्यांना भाग पाडलं त्यांनाच शिव्या द्यायच्या? पहिल्या युद्धात आपले ७४ हजार गेले, दुसऱ्यात ८७ हजारांच्या आसपास.

सगळ्याच देशभक्तांनी या भरतीला विरोध केला होता असं कोणी म्हणेल, तर तेही चूक आहे. १९१८ साली गांधीजी स्वतः खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, भरतीसाठी गावोगाव फिरले, टिळकांनीही स्वराज्याची अट घालून भरतीची बाजू घेतली. आझाद हिंदचं म्हणाल तर तिथले शाहनवाज, सेहगल, धिल्लन हे तिघेही आधी याच इंग्रजांच्या फौजेतले अधिकारी. एकाचा आदर करायला दुसऱ्याला खाली पाडावं लागत नाही.

आणि आता गोवा. हे वाचून तर मला रात्री झोप लागली नाही. घाडगे होते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. स्वातंत्र्यानंतर तीच बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि १९५२ मध्ये तिचं नाव २ पॅरा, मराठा झालं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीसाठी पूर्वेकडून जी तुकडी फोंड्यात आली ती हीच. म्हणजे ज्या पलटणीचा नाईक इटलीत पडला तीच पलटण सतरा वर्षांनी आमच्या फोंड्यात, आम्हाला सोडवायला. आमची आजी तेव्हाचे सैनिक आठवून सांगायची की अंगणात पाण्याची कळशी ठेवली तर आधी हात जोडायची पोरं. एकोणीस डिसेंबरला ज्यांना फुलं वाहता त्यांच्याच पलटणीला इतर वेळी भाडोत्री म्हणता, हे कसं चालेल?

ज्यांनी मेसेज पाठवला त्या ताईला मी काल फोन केला. तिने न वाचताच पुढे ढकलला होता, लगेच डिलीट केला आणि ग्रुपवर तसं लिहिलंही. भाच्याने भाषण परत हातात घेतलंय, आता सुरुवातच तो फोंड्यापासून करणार आहे.