फौजदाराचं पथ्य

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आमच्या फौजदाराला खाज सुटली. फौजदार म्हणजे कुत्रा. दिवसभर गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची आणि शेपटी हलवून हप्ता गोळा करायचा, हा त्याचा उद्योग, म्हणून ते नाव. जात विचारू नका. अमळनेरच्या बसस्टँडमागे सापडला, एवढीच त्याची वंशावळ.

कान आतून लालभडक झाले, पंजे चाटून चाटून तांबडे झाले. रात्री दोन वाजता तो मागच्या पायाने बरगडी खाजवायला लागला की टाच दाराच्या फळीवर आपटायची आणि आई झोपेतून ओरडायची, "कोन शे रे?"

गल्लीत डॉक्टर नसलेला माणूस सापडणं कठीण. कडुनिंबाचं पाणी झालं, करंजाचं तेल झालं. समोरचे जिभाऊ तर गॅरेजमधून जळकं ऑइल घेऊनच आले. कुत्र्याला ऑइल फासायचं ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि कुत्र्यांनी ती अजून माफ केलेली नाही. डबा मी परत पाठवला. जिभाऊ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग शेजारच्या वहिनींचा भाचा पुण्याहून आला. त्याने फौजदाराकडे पाहिलं आणि निदान केलं, "काका, कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. लांडगा जंगलात कुकर लावतो का? कच्चं मांस द्या." १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पशुवैद्याने हे कच्च्या आहाराचं खूळ लोकप्रिय केलं, हेही त्यानेच सांगितलं. पुण्यात म्हणे तयार गोठवलेली पाकिटं मिळतात. आमच्याकडे मे महिना होता, पारा ४४ वर होता आणि वीज तिच्या मर्जीने येत होती. तरी मी अर्धा किलो कच्ची कोंबडी तीन पिशव्यांत गुंडाळून आणली आणि माळकरी आईच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याच्या मागे, चोरासारखी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली ती संध्याकाळी पाचला आली. त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की फ्रिज दोन दिवस अंगणात उघडा उभा होता, आणि आईने तो गोमूत्र शिंपडून, तुळशीचं पान टाकूनच घरात घेतला. त्यात जी थोडी कोंबडी फौजदाराच्या पोटात गेली होती, तिने त्याचंही पोट बिघडवलं. खाज होतीच, आता जुलाबही.

शेवटी त्याला टेम्पोत घालून डॉक्टरांकडे नेलं. ढोरांचे डॉक्टर म्हणून तालुक्यात प्रसिद्ध, पण माणूस वाचणारा. आधी त्यांनी पिसवा पाहिल्या, गोचीड पाहिले, कातडी खरवडून काचेवर घेतली, औषधं दिली. पिसवा गेल्या, खाज राहिली. दिवाळी उलटल्यावर त्यांनी खाण्यावर संशय घेतला. कच्च्या कोंबडीची हकीगत ऐकून म्हणाले, "ॲलर्जी प्रथिनाशी असते, चुलीशी नाही. कोंबडी बाधत असेल तर ती कच्चीही बाधेल. वर कच्च्या मांसात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. घरात म्हाताऱ्या आई आहेत ना?" आणि लांडग्याचं म्हणाल तर पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगून कुत्र्याने ही कमाई केली आहे. हे ऐकून मला फौजदाराविषयी आदर वाटला. तीस प्रती नक्की याच्याकडेच असणार.

"आता सांगा," डॉक्टरांनी कागद ओढला, "आजवर त्याने काय काय खाल्लं?"

मी सांगत गेलो. कळण्याची भाकरी, पोळी, वरणबट्टी, पातोडी, शेवभाजीतली शेव, रोज रात्री आईच्या हातची दूधभाकर, खाटकाच्या दुकानामागचं बकऱ्याचं आणि कोंबडीचं सगळं, लग्नाच्या पंगतीतली जिलेबी, एकदा भावाच्या साखरपुड्याला आलेल्या पाहुण्याची चप्पल. कानबाईचा रोट घरच्यांखेरीज कोणाला देत नाहीत. तोही आईने त्याला दिला होता, कारण तो घरचाच. फौजदारी डाळ म्हटल्यावर मात्र डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे त्यांनी मला असं सुनावलं की मला माझ्याच पेशींची काळजी वाटली. फौजदाराला फौजदारी डाळ त्या क्षणापासून बंद.

रक्त तपासून ॲलर्जी कळत नाही का, असं मी विचारलं. खाण्याच्या बाबतीत त्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही म्हणाले. उपाय एकच. जे प्रथिन त्याने जन्मात खाल्लं नाही, ते एकच आठ आठवडे द्यायचं. खाज गेली की जुने पदार्थ एकेक करून परत द्यायचे आणि चोर पकडायचा. २०१६ मध्ये अशा २९७ कुत्र्यांच्या नोंदी कोणीतरी एकत्र केल्या होत्या. शंभरात ३४ जणांना गोमांस बाधलं, १७ जणांना दूधदुभतं, १५ जणांना कोंबडी, १३ जणांना गहू. मी मनातल्या मनात खाटकाला अटक करून टाकली.

पण न खाल्लेलं आणायचं काय? ससा, बदक, शहामृग असली नावं डॉक्टर घेत होते आणि मी अमळनेरचा बाजार डोळ्यांपुढे आणत होतो. शेवटी मासा निघाला. आमच्या गल्लीत मासा शिजत नाही, म्हणून बिचाऱ्याने तेवढा खाल्लेला नव्हता. सोबत रताळं. महाशिवरात्रीला आईने एकदा टाकलं होतं, पण त्याने वास घेऊन तोंड फिरवलं होतं. डॉक्टरांनी ते 'न खाल्लेलं' म्हणून मंजूर केलं.

अशा रीतीने आमच्या अंगणात, तीन विटांच्या चुलीवर, एका पातेल्यात रोहू आणि दुसऱ्यात उपासाचं रताळं शिजू लागलं. एकादशी आणि मासा एकाच ताटलीत. आई चष्म्यावरून बघायची. "कुत्राले बी पथ्य ऱ्हास का भो? आमना जमानामा कुत्रं भाकर खाये आनि गप पडी ऱ्हाये." मी काटे काढत बसायचो. रोज पाऊण तास. स्वतःच्या पोरांना मी पेरूच्या बिया काढून दिल्या नव्हत्या. त्यात काटे काढले की चुना जातो, म्हणून कॅल्शियमची पूड मोजून घालायची, जीवनसत्त्वांची गोळी द्यायची. घरच्या पाककृतींवर विसंबू नका, अमेरिकेत २०१३ मध्ये २०० पाककृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्के कशात ना कशात कमी पडल्या, हा डॉक्टरांचा दम होताच.

गोळी तो थुंकायचा. तीन दिवस थुंकला. चौथ्या दिवसापासून मी ती पेढ्यात घालून दिली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. आठवडाभराने डॉक्टरांना फोनवर हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पेढा कशाचा असतो?"

आठवडे पुन्हा एकपासून.

दारावर पाटी लावली: याला काही खायला देऊ नये. फौजदाराची वट अशी की पाटी वाचून लोकांना त्याची दया आली आणि खाणं दुप्पट झालं. दोन घरं पलीकडच्या काकू म्हणाल्या, "मी कुठे काही देते? फक्त पोळी." पोळी म्हणजे काही देणं नव्हे, हा खान्देशातला कायदा आहे. कुत्र्याला खाण्याची ॲलर्जी असली तरी पथ्य गल्लीला पाळावं लागतं, आणि आमच्या गल्लीत चौदा उंबरे. मी उंबरा न् उंबरा हिंडलो. गोळा झालेली सहानुभूती निवडणुकीला उपयोगी पडली असती.

आणि त्यात आली चंपाषष्ठी.

त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि खंडोबाच्या कुत्र्याला मान. वर्षभर हाड् हाड् करणारा माणूसही त्या दिवशी ताट घेऊन कुत्रं शोधतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्यात कांद्याची पात, ठेचलेला लसूण, वर तेल. म्हणजे देवाने दिलेलं सगळं आणि डॉक्टरांनी बंद केलेलं सगळं एकाच द्रोणात. सकाळी सातपासून दारात रांग. फौजदाराला मी न्हाणीत कोंडलं. तो आतून भुंकत होता, बाहेर बाया 'देवाचं आहे, एक घास' म्हणत होत्या. जिभाऊ गंभीर आवाजात म्हणाले, "आप्पा, खंडोबाले काय सांगशील?" 

शेवटी आईच पुढे झाली. कपाळाला भंडारा लावून, न्हाणीच्या दाराशी पाट टाकून बसली आणि म्हणाली, "देवना कुत्राना उपास शे आज." उपास! सगळ्यांनी हात जोडले. मी महिनाभर ॲलर्जी समजावत होतो ती कोणाच्या डोक्यात शिरली नाही, उपास एका वाक्यात शिरला. भरीत गायीकडे गेलं.

त्यानंतर गल्लीने एक पोळीसुद्धा दिली नाही. पाचव्या आठवड्यात टाचेचा ठोका थांबला, आठव्यात कानांचा रंग परतला. मग चोर पकडणं सुरू केलं. कोंबडी दिली, दोन आठवडे वाट पाहिली, काही नाही. खाटकाला मनातल्या मनात सोडून दिलं. बकरं, काही नाही. गहू, काही नाही. मग दूध. तिसऱ्या रात्री दोन वाजता, ठक् ठक् ठक्.

"कोन शे रे?" आई म्हणाली.

मी उठून दिवा लावला. फौजदार पाय वर करून माझ्याकडे पाहत होता. रोज रात्रीची दूधभाकर आईच्या हातची, पेढा माझ्या हातचा. सकाळी आईला सांगितलं. ती बराच वेळ चहा ढवळत राहिली.

"दूधले नाव नको ठेऊ," शेवटी म्हणाली, "दूधवाला पानी टाकस. त्या पानीनी खाज सुटस."

त्याच दिवशी तिने दूधवाला बदलला. फौजदार आता माशावरच असतो. नवा दूधवाला आला की तो ओट्यावरून उठून कॅनचा वास घेतो, आणि आई आतून त्याला म्हणते, "याले नको रे दादा, याना उपास शे."